५५५ टायमर आयसी: स्टारशिपच्या मॉडेलचे लुकलुकते दिवे, सहा महिने वापरून

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. गेले सहा महिने मी दोन मॉडेलमध्ये दिवे बसवतोय, एक म्हणजे १/१००० स्केलची जुन्या टीव्ही मालिकेतली स्टार ट्रेकची एंटरप्राइझ आणि दुसरं म्हणजे उरलेसुरले पार्ट, शॅम्पूच्या बाटलीची झाकणं आणि मोडका माउस असं सगळं जोडून मी स्वतःच्या मनाने बनवलेलं एक मालवाहू अंतराळयान. दोन्हीतले लुकलुकणारे दिवे ५५५ वर, म्हणजे ठरावीक तालावर चालू-बंद करणाऱ्या टायमर आयसीवर चालतात. म्हणून हा रिव्ह्यू त्या दहा-बारा रुपयांच्या आठ पायांच्या आयसीचा आहे, आणि थोडा तिच्या कमी करंट खाणाऱ्या सीमॉस बहिणीचाही.

आधी सांगतो की इथपर्यंत आलो कसा. सुरुवातीला मी ऑनलाइन एक तयार लायटिंग बोर्ड मागवला होता, नाव नाही घेत. छोटंसं हिरवं पीसीबी, वर काळा डांबरासारखा ठिपका, त्याखाली चिप, सहा वायरी बाहेर. लावला आणि चालला पण लगेच. पण लाल, हिरवा आणि पांढरा तिन्ही एकाच वेळी चालू, एकाच वेळी बंद, आणि तेही सेकंदाला तीन-चार वेळा. गणपतीच्या मखराची माळ लावल्यासारखं दिसत होतं. जवळपास तीनशे मीटर लांबीचं जहाज आहे हो ते, त्याचे दिवे असे फडफडायला लागले की बघणाऱ्याच्या डोक्यात ते लगेच खेळणं होतं. वेग कमी करायची काहीच सोय नाही, काळ्या ठिपक्याखाली काय आहे कळत नाही, विक्रेत्याला दोन मेल केले, उत्तर नाही. महिन्याभरात पांढरा बंद पडला. तेव्हा ठरवलं की जे करायचं ते स्वतः करायचं, आणि असं करायचं की उद्या बिघडलं तर मला उघडून दुरुस्त करता येईल.

मॉडेलचा आकार ठरतो स्केलवर पण मॉडेल मोठं वाटतं की छोटं ते ठरतं दिव्यांच्या तालावर, हे मला या सहा महिन्यांत पक्कं कळलं. १/१००० ची एंटरप्राइझ जेमतेम २९ सेंटीमीटर भरते, हातात मावते. पण नेव्हिगेशनचे दिवे सेकंदाला एकदा शांतपणे लागले, पांढरा स्ट्रोब त्यांच्याशी न जुळता मधेच एकदा चमकला, की खोलीतला लाइट बंद केल्यावर तेच २९ सेंटीमीटर एकदम लांब आणि जड वाटायला लागतं. आणि हा ताल डोळ्याने बघत, स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रजिस्टर) फिरवत जमवायचा असेल तर ५५५ सारखी दुसरी सोपी चीज मला सापडली नाही.

खरेदी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड गाठावा, तिथे तर काय मागाल ते. मी गेलो तेव्हा काउंटरवर काका होते, म्हटलं "काका, ५५५ द्या दहा." तर म्हणाले "साधी का सीमॉस? साधी बाराला, सीमॉस पंचेचाळीसला. कशाला लावताय?" मी फोनवर फोटो दाखवला. काकांनी चष्मा वर करून नीट बघितला आणि म्हणाले "मग आयसी बेस घ्या आधी, डायरेक्ट सोल्डर करू नका." हा सल्ला पुढे किती कामाला आला ते खाली सांगतोच. दहा साध्या, दोन सीमॉस, आठ पायांचे बेस (ज्यात आयसी नुसती खोचायची), झिरो पीसीबी म्हणजे नुसती भोकं असलेला बोर्ड, ५०केचे (५० हजार ओहमचे) प्रीसेट, १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, बीसी५४७ ट्रान्झिस्टरची पुडी, सगळं मिळून पाचशेच्या आत. माझा तो तयार बोर्ड याच्या तिप्पट महाग पडला होता.

ज्यांनी डिप्लोमा केलाय त्यांनी अस्टेबलचं (आपोआप चालू-बंद होत राहणाऱ्या जोडणीचं) प्रॅक्टिकल केलेलंच असणार, जर्नलमध्ये त्या चौकोनी वेव्हज काढल्या असणार. मीही काढल्या होत्या, पण तेव्हा हे असं जिवंत काही करता येईल हे डोक्यात आलं नव्हतं. ही आयसी १९७१ मध्ये हान्स कामेन्झिंड या स्विस जन्माच्या इंजिनिअरने सिग्नेटिक्स कंपनीसाठी डिझाइन केली आणि १९७२ पासून ती बाजारात आहे, म्हणजे पन्नास वर्षं उलटून गेली आणि अजून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आत ५केचे तीन रजिस्टर (करंटला अडवणारे रेझिस्टर) आहेत म्हणून ५५५ असं आम्हाला शिकवलं होतं, पण कामेन्झिंडने स्वतःच सांगितलंय की तो आकडा कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने असाच निवडला होता. ते तीन रजिस्टर आत आहेत हे मात्र खरं, आणि त्यांचं काम समजलं की अख्खी आयसी समजते. ते सप्लायचे तीन सारखे भाग करतात. बाहेर लावलेला कपॅसिटर भरत भरत सप्लायच्या दोन तृतीयांशाला पोचला की आयसी म्हणते बास, मग तो सातव्या पायातून रिकामा व्हायला लागतो, एक तृतीयांशापर्यंत उतरला की परत भरायला सुरुवात. ९ व्होल्ट दिलेत तर ३ ते ६ च्या मधे हे वरखाली चालू राहतं, आणि त्याच तालावर तिसरा पाय, म्हणजे आउटपुट, चालू-बंद होतो. रजिस्टर मोठा केला की भरायला वेळ जास्त, म्हणजे ताल संथ. एवढंच.

माझे आकडे देतो, सरळ वापरा. नेव्हिगेशनसाठी आठव्या आणि सातव्या पायामधे १०के, सातव्या आणि सहाव्यामधे ६८के, दुसरा आणि सहावा पाय एकत्र जोडून तिथून जमिनीला, म्हणजे मायनसला, १० मायक्रोफॅरड. हिशोब ०.६९३ गुणिले रजिस्टर गुणिले कपॅसिटर असा, तो मांडला की साधारण अर्धा सेकंद एक अवस्था आणि अर्ध्याला जरा कमी दुसरी, एकूण एक सेकंद. पण खरं सांगू का, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लिहिलेल्या किमतीपेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असतोच, त्यामुळे कागदावर एक सेकंद आला तरी टेबलावर सव्वा येऊ शकतो. म्हणून ६८केच्या जागी ४७के आणि त्याच्यापुढे ५०केचा प्रीसेट लावा. रात्री दिवे बंद करून दोन मीटर लांब बसा आणि फिरवा. मी माझा पाऊण तास फिरवत होतो, शेवटी सेकंदापेक्षा किंचित संथ ठेवला. सॉसरच्या (जहाजाच्या पुढच्या गोल थाळीच्या) उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल, विमानाला आणि जहाजाला असतात तसेच. हल्लीचा हिरवा एलईडी लालपेक्षा फारच झगझगीत येतो, त्यामुळे लालला ६८० ओहम आणि हिरव्याला चक्क ४.७के लावून दोघं बरोबरीत आणले.

आता स्ट्रोब. इथे बहुतेक जण अडतात कारण नेहमीच्या जोडणीत ५५५ चा चालू वेळ बंद वेळेपेक्षा नेहमी जास्तच येतो, आणि स्ट्रोब तर उलटा पाहिजे, क्षणभर चमक आणि मग बराच वेळ काळोख. डायोड लावून करता येतं पण त्याहून सोपं म्हणजे एलईडी उलट्या बाजूने जोडा. म्हणजे तिसऱ्या पायापासून जमिनीला न जोडता, प्लसपासून तिसऱ्या पायाला जोडा. मग पाय शून्यावर गेला की एलईडी लागतो. आता १०के आणि ६८केच्या जागी १२०के आणि १०के टाका. शून्याचा वेळ फक्त त्या १०केवर ठरतो, तो येतो सेकंदाच्या चौदाव्या-पंधराव्या भागाएवढा, आणि मधला काळोख नऊ दशांश सेकंद. पहिल्यांदा लावला आणि तो पांढरा ठिपका असा टच्चकन चमकून गेला ना, मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं बघायला.

उलट जोडणीचा अजून एक फायदा. सगळ्या एलईडींचा प्लस एकच ठेवता येतो, म्हणजे मॉडेलमधे जाणाऱ्या वायरी निम्म्याने कमी होतात. मी सगळी सर्किटं स्टँडमधे ठेवली, मॉडेलमधे फक्त एलईडी, आणि मधे ३ मिलिमीटरची पितळी नळी जी स्टँडचा दांडाही आहे आणि वायरींची वाटही. वायर म्हणजे मोटर वाइंडिंगची तार, ३६ गेज, रिवाइंडिंगवाल्याकडून मागून आणलेली. दोन दशांश मिलिमीटरपेक्षाही बारीक, नळीत दहा-बारा आरामात जातात. टोकाचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडा, नाहीतर वरून सोल्डर बसलेलं दिसतं आणि आत कनेक्शनच नसतं. प्रत्येक जोड मल्टिमीटरने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मालवाहू यानाच्या पाठीमागे मला इंजिनची धग पाहिजे होती, लुकलुक नको, श्वास घेतल्यासारखं मंद होणं आणि परत उजळणं. हेही ५५५ वर होतं आणि मला सगळ्यात जास्त आनंद यानेच दिला. तिसऱ्या पायाकडे बघायचंच नाही. दुसरा-सहावा पाय जिथे कपॅसिटरला मिळतो तिथे व्होल्टेज हळूहळू चढतं-उतरतं ना, ते उचलायचं. तिथून बीसी५४७ चा बेस, कलेक्टर प्लसला, एमिटरपासून ३३० ओहम आणि लाल एलईडी जमिनीला. पहिल्यांदा मी १००केचा रजिस्टर लावला होता आणि दिवा एकदा उजळला तो तसाच अडकला, खाली यायचं नावच नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कारण कळल्यावर अगदी साधं होतं, १००केमधून जेमतेम जेवढा करंट येत होता तेवढा सगळा ट्रान्झिस्टरचा बेसच पिऊन टाकत होता, त्यामुळे कपॅसिटर कधी दोन तृतीयांशापर्यंत पोचतच नव्हता. १००के काढून १०के, सातव्या-आठव्यामधे १के, आणि कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा. आता तीन-सव्वातीन सेकंदांचा एक श्वास येतो. दिवा पूर्ण विझत नाही, निखाऱ्यासारखा राहतो, आणि इंजिनला तेच पाहिजे.

एंटरप्राइझच्या नॅसेलच्या (इंजिनच्या लांब नळकांड्यांच्या) पुढच्या गोल टोप्या हे मोठं काम. मालिकेसाठी बनवलेलं मूळ मॉडेल ११ फुटी, ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममधे आहे. त्या टोप्यांच्या आत छोटे बल्ब होते, आरशाचे तुकडे होते आणि मोटरवर फिरणारं पातं होतं, म्हणून ते भोवऱ्यासारखं दिसायचं. त्या मॉडेलची एक बाजू तर शूटिंगमधे दिसतच नाही कारण तिकडून वायरी आत घातल्या होत्या. २०१६ मध्ये त्याची मोठी डागडुजी झाली तेव्हा आत एलईडी बसवले. २९ सेंटीमीटरच्या मॉडेलमधे मोटर बसणं शक्य नाही. म्हणून ५५५ च्या तालावर सीडी४०१७ (आउटपुट एकामागून एक चालू करणारी काउंटर आयसी), तिचे पाच आउटपुट, प्रत्येकाला १०के आणि एक बीसी५४७, आणि प्रत्येक टोपीत पाच बारके नारिंगी एलईडी गोलात. पाचच पायऱ्या पाहिजेत म्हणून ४०१७ चा पहिला पाय पंधराव्याला जोडला, तेरावा जमिनीला. वरून आतल्या बाजूने दुधी रंगाचा पातळ हात मारला की ठिपके वेगळे न दिसता फिरता उजेड दिसतो.

इथे साध्या ५५५ चा खरा दोष समोर आला. दिवे फिरता फिरता मधेच एक घर सोडून उडी मारायचे. कधी दहा सेकंदांनी, कधी मिनिटाने. मला वाटलं ४०१७ खराब, दोन बदलल्या. मग लक्षात आलं की साधी म्हणजे बायपोलर ५५५ चालू-बंद होताना क्षणभर सप्लायमधून करंटचा मोठा घोट घेते, तेवढ्यात व्होल्टेज हलतं आणि शेजारची ४०१७ त्यालाच क्लॉक, म्हणजे पुढे सरकायची खूण, समजून पुढे सरकते. उपाय दोन रुपयांचा. १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर आठव्या आणि पहिल्या पायाला अगदी चिकटून, आणि सप्लायवर एक १०० मायक्रोफॅरड. पाचव्या पायावर १०३ चा लावाच, तो मोकळा सोडू नका. त्या दिवसापासून एकही उडी नाही. नेटवरच्या सर्किटांत हे कपॅसिटर बऱ्याचदा दाखवतच नाहीत, आणि नवीन मुलं बिचारी आयसी बदलत बसतात.

दुसरा दोष भूक. साधी ५५५ काहीही न करता ९ व्होल्टवर पाच-सहा मिलीअँप खाते. तीन आयसी म्हणजे एकही एलईडी न लागता पंधराच्या वर गेले. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी रात्री लावून झोपलो तर सकाळी सगळं मंद. टेबलावर अडॅप्टर लावून ठेवणार असाल तर काहीच फरक पडत नाही, पण शाळेत, प्रदर्शनात न्यायचं असेल तर सीमॉस घ्या. टीएलसी५५५, एलएमसी५५५, आयसीएम७५५५, यातली जी मिळेल ती. पाय सगळे तेच, जागा तीच, आणि रिकामी असताना खर्च मिलीअँपच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढा. आणि हो, सप्लायवरचा तो घोटही जवळपास नाही. एक लक्षात ठेवा, सीमॉस करंट बाहेर ढकलायला कमजोर असते पण आत ओढायला बरी असते. मी सगळे एलईडी आधीच प्लसकडून जोडले होते त्यामुळे स्टँडचं झाकण उघडलं, बेसमधून जुन्या आयसी उपटल्या, नवीन खोचल्या, पाच मिनिटांत काम झालं. डायरेक्ट सोल्डर केलं असतं तर तीन बोर्ड परत करावे लागले असते. काकांना पुढच्या वेळी गेलो तेव्हा मुद्दाम सांगितलं, "तुमच्या बेसमुळे वाचलो", तर हसून म्हणाले "सगळे आधी नकोच म्हणतात."

मॉडेलकडच्या दोन गोष्टी पटकन. प्लॅस्टिकमधून उजेड गळतो, अख्खं जहाज आतून कंदिलासारखं चमकतं, म्हणून जोडण्याआधी आतून काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर पांढरा. आणि खिडक्यांजवळ इन्स्टंट ग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग पांढरट होतात. साधा फेव्हिकॉल घ्या, बारक्या खिडक्या तर नुसत्या फेव्हिकॉलच्या थेंबाने भरता येतात, सुकल्यावर काचेसारखा दिसतो. आणि हल (जहाजाचं बाहेरचं कवच) कायमचं चिकटवण्याआधी सगळे दिवे सलग एक दिवस-रात्र चालू ठेवा. माझा एक नारिंगी एलईडी अठराव्या तासाला गेला, चिकटवलं असतं तर टोपी फोडावी लागली असती.

आता बरेच जण विचारतात की एटीटाइनी८५ किंवा आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी चिप किंवा बोर्ड, का नाही. घ्या ना, त्यातही वाईट काही नाही. एटीटाइनी८५ सुद्धा आठच पायांची, तिचे पाच पाय वापरता येतात, आणि प्रोग्रॅम लिहिला की नेव्हिगेशन, स्ट्रोब, श्वास सगळं एकीत बसतं. शटल बेचा (छोटी यानं ठेवायच्या जागेचा) दरवाजा उघडताना दिवे एकामागून एक लागायचे असतील, टॉर्पेडोचा आवाज आणि चमक एकत्र पाहिजे असेल, तर ५५५ चा तिथे उपयोग नाही, वीस आयसींचं जाळं करत बसू नका. पण एका चिपमधून सगळं काढलं की सगळे ताल एकाच घड्याळावर चालतात आणि ते कुठेतरी जाणवतं. दोन वेगवेगळ्या ५५५ कधीच एकमेकींशी जुळत नाहीत. कधी लाल आणि पांढरा एकत्र येतात, मग हळूहळू लांब जातात, मिनिटाभराने परत भेटतात. खऱ्या विमानतळावर रात्री उभं राहून बघा, असंच दिसतं. प्रोग्रॅममधे हे करता येतं पण मुद्दाम करावं लागतं, इथे फुकट मिळतं.

साध्या ५५५ ला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या करंटच्या घोटासाठी कापला. सीमॉसला बॅटरीच्या कामासाठी पूर्ण पाच, फक्त सोल्डर करताना अंगावरच्या स्टॅटिकची काळजी घ्या. घेताना एका दुकानातून एकदम वीस घेऊ नका, आधी दोन घ्या, ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता, चालवून बघा. मला दुसऱ्या एका ठिकाणी मिळालेल्या पाचातल्या दोन गरम व्हायच्या आणि थिनरचा बोळा फिरवल्यावर वरचा नंबरच पुसला गेला.

पुढचं काम १/३५० ची मोठी एंटरप्राइझ, ८२ सेंटीमीटरची. तिच्या शटल बेसाठी एटीटाइनी घेणार आहे. नेव्हिगेशन आणि स्ट्रोबसाठी मात्र सीमॉसच्या चार आणून ठेवल्यात, बेससकट.